दामोदर कोसंबी : पायी चालून इतिहास वाचणारे गणिताचे प्राध्यापक



इतिहासाचा तास म्हटलं की मुलांना आधी सनावळी आठवते. पाठ करायची, पेपरात लिहायची आणि सुट्टीत विसरून जायची. आज ज्यांची ओळख करून घेऊ, त्यांनी इतिहासाची कोणतीही पदवी घेतलेली नव्हती. तरी इतिहास हाताने कसा शिकायचा, हे त्यांच्या आयुष्यातून चांगलं समजतं.

बालपण व शिक्षण

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. १९१८ मध्ये ते कामानिमित्त अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले, तेव्हा अकरा वर्षांचा दामोदर सोबत होता. पुढे १९२९ मध्ये दामोदर यांनी हार्वर्डचीच पदवी मिळवली. भारतात परतल्यावर त्यांनी बनारस, अलीगढ आणि मग पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवलं. १९४५ पासून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. राहायचे पुण्यात, जायचे डेक्कन क्वीनने.

तराजूतला इतिहास

संख्याशास्त्राचा सराव म्हणून त्यांनी जुनी आहत नाणी हाती घेतली. या नाण्यांवर राजाचं नाव नसतं, नुसते ठसे असतात. मग ती कोणाच्या काळातली, हे ओळखायचं कसं? कोसंबींचा विचार साधा होता. नाणं जितके दिवस हातोहाती फिरतं, तितकं झिजतं, म्हणजे वजनाने कमी होतं. त्यांनी हजारो नाणी एकेक करून तोलली. आपला अंदाज बरोबर आहे का, हे पाहायला बाजारात चालणारी रोजची नाणीही तोलली आणि १९४२ मध्ये त्यावर लेख लिहिला.

वाटेवरचा इतिहास

पुढे ते हातात काठी घेऊन पुण्याच्या आसपासच्या टेकड्या फिरू लागले. गारगोटीसारख्या दगडांची अश्मयुगातली बारीक हत्यारं त्यांना जागोजागी सापडली. गावाबाहेरच्या शेंदूर लावलेल्या देवी, म्हसोबा यांच्याविषयी ते गावकऱ्यांना, धनगरांना विचारत. आळंदी-पंढरपूरच्या पालखीची वाटही त्यांनी अशीच अभ्यासली. पावसाळ्यात जनावरं घेऊन कोरड्या पूर्वेकडे जाणाऱ्या माणसांची ही फार जुनी वाट असावी, असं त्यांनी मांडलं. म्हणजे एकाच वाटेत भूगोलही आला, इतिहासही आला आणि संस्कृतीही!

१९५६ मध्ये त्यांचा भारतीय इतिहासावरचा मोठा ग्रंथ आला. त्यांची मतं सगळ्यांना पटली नाहीत, आजही पटत नाहीत. १९६२ मध्ये संस्थेतली नोकरीही संपली, पण फिरणं आणि लिहिणं चालूच राहिलं. २९ जून १९६६ रोजी पुण्यात, वयाच्या अवघ्या ५८ व्या वर्षी ते गेले. २००८ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

आपण काय करू शकतो?

आपल्या केनवडच्या मुलांना यासाठी पुण्याला जायची गरज नाही.

१) एकाच किमतीची, एकाच छापाची दहा जुनी व दहा नवी नाणी आणा. सोनाराच्या काट्यावर तोला. फरक मुलांनीच वहीत मांडावा. गणिताचाही तास झाला.

२) शेगावची पालखी आषाढीला पंढरपूरला जाताना आपल्या रिसोडवरून जाते. तिची वाट नकाशावर काढायला लावा. मुक्काम तिथेच का? पाणी कुठं आहे? नदी कुठं ओलांडतात?

३) गावातली जुनी विहीर, वीरगळ, शेंदराचे दगड यांची यादी करा आणि प्रत्येकाची गोष्ट आजी-आजोबांना विचारा. मात्र आधी परवानगी घ्यावी, देवाच्या दगडाला हात लावू नये आणि रानात काही जुनं सापडलं तर उचलू नये. जागा लिहून ठेवावी, चित्र काढावं.

आपला वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. इथल्या हरिषेण राजाच्या मंत्र्याचा लेख अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यात आहे. मुलं अजिंठा पाठ करतात, पण त्याचा आपल्या जिल्ह्याशी संबंध आहे हे त्यांना कुणी सांगत नाही.

रस्ते रुंद होताहेत, जुने वाडे पडताहेत, आणि ज्यांना गोष्टी ठाऊक आहेत ती माणसंही एकेक करून चालली आहेत. पुस्तकातला धडा पुढच्या वर्षीही असेल, शेजारची आजी असेलच असं नाही. म्हणून या आठवड्यातला इतिहासाचा एक तास तरी वर्गाबाहेर घ्या. पालकांनीही रविवारी मुलांसोबत गावात एक फेरी मारावी.