मिरजेचे डॉ. वॉनलेस

मिरजेचे नाव निघाले की तंबोरे आणि मिशन हॉस्पिटल या दोन गोष्टी हमखास आठवतात. त्या रुग्णालयाचे संस्थापक डॉ. सर विल्यम जेम्स वॉनलेस. एका शल्यविशारदाच्या हातातील कसब सर्वांची विद्या कशी होते, या दृष्टीने त्यांचे चरित्र पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१८६५ साली कॅनडात जन्मलेले वॉनलेस न्यूयॉर्क येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन १८८९ मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. प्रारंभी सांगलीत काम करून ते मिरजेस स्थिरावले. मिरजेच्या संस्थानिकांनी जागा दिली आणि १८९४ साली रुग्णालय सुरू झाले. रेल्वेमुळे दूरदूरचे रुग्ण येऊ लागले. मोतीबिंदूने दृष्टी गमावलेली माणसे शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या पायांनी वाट शोधत घरी परतू लागली.

येथे एक कठीण प्रश्न होता. दाराशी रुग्णांची रांग असताना शल्यविशारदाने आपला वेळ शिकविण्यात घालवावा काय? वॉनलेस यांनी दोन्ही कामे अंगावर घेतली. १८९७ साली मिरजेत वैद्यकीय शिक्षण सुरू झाले व एतद्देशीय तरुण त्यांच्या हाताखाली तयार होऊ लागले. देशभरातील मिशनरी डॉक्टरांनीही १९०५ मध्ये आपली संघटना स्थापन केली. एकाचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडावा, यासाठी अशी व्यवस्था लागतेच.

संशोधनाची वाटचालही अशीच असते. कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू शोधला. परंतु त्यावरील पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडण्यास १९४३ साल उजाडले. मधल्या काळात रुग्णांनी जावे कोठे? सांगली-मिरज मार्गावर १९२० च्या सुमारास उभे राहिलेले क्षयरोग आरोग्यधाम हे त्याचे उत्तर होते. तेथे विश्रांती, सकस आहार व मोकळी हवा हाच उपचार होता. तो परिसर आजही वॉनलेसवाडी म्हणून ओळखला जातो. त्यापूर्वीच कुष्ठरुग्णांसाठीही मिरजेत स्वतंत्र व्यवस्था झाली होती.

१९२८ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. त्याच वर्षी त्यांनी मिरजेचा निरोप घेतला आणि १९३३ साली अमेरिकेत त्यांचे देहावसान झाले. रुग्णालय मात्र थांबले नाही. सहकाऱ्यांनी व शिष्यांनी धुरा सांभाळली. १९६२ साली मिरजेत वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले.

ते प्रेस्बिटेरियन आणि आम्ही कॅथलिक. तरी रुग्णसेवेत हा भेद उरत नाही. आपल्या माघारी काम चालू राहील अशी माणसे त्यांनी घडविली, हे त्यांचे खरे ऋण आम्ही मानतो. आपल्या संस्थांत सेवा करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या हाताखाली कोण तयार होत आहे, हे एकदा अवश्य पाहावे.