इंद्रायणीचे पाणी आणि जमशेटजी

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने घाटाकडे जाणाऱ्या आम्हा पनवेलकरांना खोपोलीचे वीजकेंद्र नवे नाही. डोंगरावरून उतरणारे ते जाडजूड नळ लहानपणापासून पाहिलेले. पण ज्याच्या ध्यासातून ते उभे राहिले, त्या माणसाला ते पाहायला मिळाले नाहीत, याची मला चुटपुट लागून राहते.

जमशेटजी टाटांचा जन्म १८३९ चा, नवसारीच्या पारशी पुरोहित घराण्यातला. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते वडिलांबरोबर व्यापारात शिरले. १८७७ मध्ये त्यांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. गिरणी चालवणाऱ्याला कोळशाचे मोल सांगावे लागत नाही. मुंबईला तो दुरून आणावा लागे आणि त्याचा धूर शहराच्या वाट्याला येई. सह्याद्रीवर कोसळणाऱ्या पावसापासून वीज करावी, ही डेव्हिड गॉसलिंग यांची कल्पना जमशेटजींनी उचलून धरली. पण ती प्रत्यक्षात येण्याआधीच, १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले.

त्यांचे पुत्र दोराबजी यांनी काम पुढे नेले. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. लोणावळ्याजवळ पाणी अडवायचे, पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून नळांतून खाली सोडायचे आणि त्याच्या जोरावर चक्रे फिरवायची, अशी ही योजना. इंद्रायणीच्या खोऱ्यातून बंगालच्या उपसागराकडे निघालेले पाणी असे कोकणात उतरले. चक्रे फिरवून झाली की ते पाताळगंगेला मिळते आणि पनवेल परिसराची तहानही भागवते.

या हिशेबाला दुसरी बाजूही आहे. टाटांच्याच पुढच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले. धरण झालेच. भाताची खाचरे पाण्याखाली गेली आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले. जमशेटजींना जाऊन तेव्हा बरीच वर्षे लोटली होती, म्हणून त्याचा दोष मी त्यांना देणार नाही. पण दिवा एका गावी लागला आणि चूल दुसऱ्या गावची विझली, हे विसरताही येत नाही.

मुलांना जमशेटजींचे चरित्र जरूर सांगावे. मुळशीचे पान मात्र त्यातून गाळू नये.