बिशपांपुढे न वाकलेल्या पंडिता रमाबाई

भगिनींनो, स्मरणिकेसाठी एका थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असे आपल्या कार्यवाह बाईंनी सांगितले तेव्हा मी पंडिता रमाबाईंचे नाव घेतले. दोघीतिघींनी लगेच विचारले, धर्म सोडून गेलेली बाईच का? रानड्यांच्या रमाबाई का नकोत? त्या तर हव्यातच. पण ह्या रमाबाईंनी एक धर्म सोडला एवढेच आपण ऐकलेले असते. दुसऱ्या धर्मात जाऊन तेथील धर्मगुरूंशीही त्या तितक्याच निर्भयपणे भांडल्या, ही हकिगत फारशी कोणी सांगत नाही. तीच मला सांगावयाची आहे.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंस संस्कृत शिकविले आणि आईने लेकीला. सारे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडून पुराण सांगत असे. पुढे दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. आपल्याकडे ७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना अन्नावाचून माणूस जाणे म्हणजे काय, हे सांगावे लागणार नाही. राहिलेली दोघे भावंडे पायी फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीस पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. तेथेच केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदाचा ग्रंथ ठेवला. बाईने वेद वाचू नये, असे लहानपणापासून मनावर बिंबलेले. बिचकत का होईना, त्या वाचू लागल्या, आणि धर्मशास्त्रे वाचता वाचता स्त्री व शूद्र यांच्याविषयी त्यांत काय लिहिले आहे ते पाहून त्यांचे मन उडाले.

भाऊ १८८० साली वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या शूद्र मानलेल्या जातीच्या वकिलाशी नोंदणीने विवाह केला. संसार दोन वर्षांचाही झाला नाही. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी. १८८२ साली पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री-डॉक्टर हव्यात असे सांगितले.

१८८३ साली त्या विलायतेस गेल्या. वैद्यकी शिकावयाची होती, पण कानांनी कमी ऐकू येई, म्हणून ते राहिले. वाँटेज येथे इंग्लंडच्या सरकारी चर्चच्या धर्मभगिनींच्या मठात त्या उतरल्या. चर्च प्रॉटेस्टंट गणले जाई. तरी ह्या मठाची राहणी कॅथॉलिक वळणाची. त्याच वर्षी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. आता ही आपल्या मुठीत आली, असे तेथल्या मंडळींस वाटले असावे.

तसे झाले नाही. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवू लागल्या. तरुण मुलांनाही त्यांनी शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकविणे शोभत नाही, त्यामुळे मायदेशी तिची पत जाईल, असा त्यांचा आक्षेप. रमाबाईंनी कळविले की माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी असा आक्षेप घेतला नाही; मग तुम्हीच का घेता? जी बाई पुरुषांच्या सभांतून गावोगाव बोलली, तिला हे ऐकावे लागावे! लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस गळ्यात घालण्याचा आग्रह झाला, तेव्हा लॅटिन आमच्या संस्कृतहून पवित्र कशाने, असे त्यांनी विचारले. त्रैक्याचे तत्त्व बुद्धीला पटेना, तर पटत नाही म्हणून लिहिले. सिस्टर जेरल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्यांच्याशी झालेला हा सारा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने निघाला. प्रेम दोन्हीकडे होते. पण आपली सदसद्विवेकबुद्धी रमाबाईंनी कोणा गुरूच्या हवाली केली नाही. शाकाहारही सोडला नाही.

अमेरिकेतून पैसा उभारून ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले. दुसऱ्या वर्षी ते पुण्यास आले. पुढे अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई येथेच शिकल्या. १८९३ साली मुलींना बाटवितात असा ओरडा झाला आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून निघाले. मला स्वतःला हा भाग सोपा वाटत नाही. पुढे केडगावच्या मुक्ति सदनात दुष्काळातून आणलेल्या शेकडो पोरी ख्रिस्ती झाल्या. निराधार पोरीला निवड करण्याची मोकळीक कितीशी असते? पण हेही खरे की त्यांना आणावयास दुसरे कोणी गेले नव्हते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली बाईंनी स्वतः आणल्या. आपला मुलूख तेव्हा निजामाचा. त्याच राज्यातील गुलबर्ग्यासही मायलेकींनी मुलींची शाळा काढली.

इंग्लंडच्या चर्चमध्ये पहिल्या स्त्रिया धर्मगुरू झाल्या त्या १९९४ साली. रोमन कॅथॉलिक चर्चमध्ये तो अधिकार स्त्रियांना अजून नाही. भारतातील कॅथॉलिक बिशपांनी २०१० साली स्त्री-पुरुष समानतेचे धोरण तेवढे जाहीर केले. आपल्याकडे तरी किती गाभाऱ्यांत बाईला पाऊल टाकता येते, ते आपण जाणतोच.

रमाबाईंनी परवानगीची वाट पाहिली नाही. पन्नाशीच्या आगेमागे हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी सारे बायबल साध्या मराठीत उतरविण्यास घेतले, कारण आधीचे मराठी भाषांतर गोरगरीब बायांना समजण्याजोगे नाही असे त्यांना वाटे. १९२१ साली मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, त्याआधी भाषांतर हातावेगळे झाले होते. परभणीकडून दौंडमार्गे पुण्यास जाताना केडगाव स्टेशन लागते. तेथल्या छापखान्यात त्या ग्रंथाचे खिळे जुळविणाऱ्या, पाने छापणाऱ्या आणि बांधणाऱ्या सदनातल्याच बाया होत्या.