छोट्या ट्रॅक्टरचा हट्टी बाप

काही वर्षांपूर्वी आम्ही कॉव्हेंट्रीच्या बाहेर घर घेतलं, तेव्हा घरामागे अडीच एकर रानही पदरात पडलं. गवत कापायचं, बटाटे लावायचे, म्हणजे यंत्र हवंच. ज्याला त्याला विचारलं त्याचा सल्ला एकच : मोठ्या कंपनीचा नवाकोरा छोटा ट्रॅक्टर घे, वॉरंटी मिळते, कटकट नाही. मी मात्र घरी घेऊन आलो १९५१ सालचा राखाडी फर्ग्युसन. माझ्याहून वयानं मोठा! शेजारी हसले. बायको हसली नाही.

त्याच्या तऱ्हा शिकायला महिना गेला. स्टार्टरचं बटणच सापडेना, कारण गिअरची दांडी एका ठराविक खाचेत ढकलली की तोच स्टार्टर! मग वाळव्याहून बाबा आले. त्यांनी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, मागे वाकून पाहिलं आणि जाहीर केलं की ही तर आपल्याकडच्या मॅसीचीच लिफ्ट आहे. बाबांचं बरोबर होतं. ती लिफ्ट ज्याच्या डोक्यातून निघाली, त्या हॅरी फर्ग्युसनची ही गोष्ट.

हॅरीचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ चा, आयर्लंडच्या काउंटी डाऊनमध्ये, ड्रोमोरजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरी. अकरा भावंडांतला हा चौथा. गंमत म्हणजे ज्यानं पुढे जगाची शेती बदलली, त्याला शेतकाम मनापासून नकोसं होतं. तो कॅनडाला निघून जायच्या बेतात होता, पण १९०२ मध्ये थोरल्या भावानं त्याला बेलफास्टला आपल्या सायकल आणि मोटार दुरुस्तीच्या दुकानात घेतलं. आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण होते ना? त्यांचीही सुरुवात बेळगावच्या सायकलच्या दुकानापासून, आणि तेही पोचले नांगरापाशीच!

हॅरी होता शरीरानं लहानखुरा आणि स्वभावानं महाहट्टी. विमानं पाहून आला आणि स्वतःचंच बांधायला घेतलं. ३१ डिसेंबर १९०९ ला हिल्सबरो इथे भर वाऱ्यात त्यानं ते सुमारे १३० यार्ड उडवलं. आयर्लंडमधलं ते पहिलं विमानोड्डाण. पुढे १९११ मध्ये त्यानं बेलफास्टला स्वतःचं गॅरेज काढलं आणि मोटारींबरोबर परदेशी ट्रॅक्टरही विकू लागला.

पहिल्या महायुद्धात अन्नाची टंचाई झाली. १९१७ साली आयर्लंडच्या शेती खात्यानं हॅरीला ट्रॅक्टरचं काम सुधारण्यासाठी गावोगाव पाठवलं. विल्यम सँड्स हा त्याचा हुशार सहकारी बरोबर होता. तिथे त्यांनी जे पाहिलं ते काही चांगलं नव्हतं. तेव्हाचा ट्रॅक्टर म्हणजे बैलाच्या जागी आणलेलं धूड. नांगर मागे गाडीसारखा ओढायचा. नांगर एखाद्या धोंड्याला अडकला, की इंजिन थांबायचं नाही. ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जायचं आणि अख्खं यंत्र उलटून चालवणाऱ्याच्या अंगावर पडायचं. माणसं मरायची. शिवाय चाकांना पकड यावी म्हणून ट्रॅक्टर जड करायचा, आणि जड केला की ओल्या रानात माती दडपून जायची.

हॅरीनं प्रश्नच उलटा धरला. ट्रॅक्टर वेगळा आणि नांगर वेगळा, असं का समजायचं? दोन्ही मिळून एकच यंत्र का नाही? पुढची जवळजवळ वीस वर्षं त्यानं या एका विचारामागे घालवली. त्यातून ठरली ती तीन दांड्यांची जोडणी : खाली दोन, वर एक. नांगराला जमिनीचा विरोध झाला की वरची दांडी पुढे रेटते, त्यामुळे ट्रॅक्टरचं तोंड खालीच राहतं. तोच रेटा तेलाच्या दाबावर चालणाऱ्या लिफ्टला इशारा देतो आणि नांगर आपोआप जरासा वर येतो. शिवाय नांगराचं वजन आणि मातीची ओढ मागच्या चाकांवर येते. म्हणजे पकडीसाठी ट्रॅक्टर जड असायची गरजच उरली नाही!

१९३३ मध्ये त्यानं या पद्धतीचा नमुना तयार केला, संपूर्ण काळ्या रंगाचा. तो आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. मग हडर्सफील्डच्या डेव्हिड ब्राऊनच्या कारखान्यात १९३६ पासून फर्ग्युसन-ब्राऊन ट्रॅक्टर बनू लागला. वजन एक टनही नाही, किंमत २२४ पौंड.

आता तेव्हाच्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. शेजाऱ्याकडे फोर्डसन : मोठं नाव, मोठं धूड, आणि किंमत कमी. हे चिमुकलं यंत्र महाग, शिवाय त्याला घरातली जुनी औतं चालणार नाहीत, त्याची खास अवजारं वेगळी विकत घ्यायची! लोक बिचकले. जेमतेम १३५० ट्रॅक्टर बनले आणि आवारात माल पडून राहू लागला. ब्राऊनला यंत्रात बदल हवे होते, हॅरी एक खिळा हलवायला तयार नव्हता. भागीदारी मोडली.

त्याआधीच, १९३८ च्या ऑक्टोबरात, हॅरी एक ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेत थेट हेन्री फोर्डच्या घरच्या रानात पोचला होता. फोर्डनं नांगरणी पाहिली आणि सौदा तिथेच ठरला. फोर्डनं बनवायचं, फर्ग्युसननं विकायचं. कागद नाही, सही नाही, फक्त हातात हात. १९३९ ते १९४७ या काळात तीन लाखांवर ट्रॅक्टर त्या एका हस्तांदोलनावर बाहेर पडले.

पण हस्तांदोलन माणसांचं असतं, कंपन्यांचं नाही. म्हाताऱ्या फोर्डच्या जागी नातू आला. त्यानं तोट्याचे आकडे पाहिले आणि १९४६ अखेर करार संपवल्याचं कळवलं. १९४७ मध्ये फोर्डचा नवा ट्रॅक्टर आला, त्यात हॅरीचीच जोडणी आणि लिफ्ट, फक्त हॅरी नाही! अमेरिकेतल्या त्याच्या विक्रेत्यांकडे विकायला मालच उरला नाही. हॅरी कोर्टात गेला, दावा २५ कोटी डॉलर्सवर. चार वर्षं झगडून १९५२ मध्ये तडजोड झाली ती साडेब्याण्णव लाख डॉलर्सवर.

एवढ्यात तो स्वस्थ बसला नव्हता. १९४६ पासून आपल्या या कॉव्हेंट्रीतच, बॅनर लेनवरच्या युद्धकाळातल्या विमान-इंजिनांच्या कारखान्यात, स्टँडर्ड मोटर कंपनी त्याच्यासाठी टीई-२० बनवू लागली. हाच माझा राखाडी म्हातारा. टनाहून जरासा जड, पण लहान रानाच्या बेतशीर आकाराचा. बरोबर एक पाना मिळायचा, बहुतेक सगळे नट त्यानंच फिरायचे आणि त्याच्या दांड्यावर इंचांच्या खुणा, म्हणजे मोजपट्टीही तीच. हॅरीनं लंडनच्या क्लॅरिजेस या बड्या हॉटेलात हा ट्रॅक्टर आणून दाखवला आणि मग पायऱ्यांवरून खाली उतरवला! १९५६ पर्यंत असे पाच लाखांवर ट्रॅक्टर बनले. एव्हरेस्टवीर हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोचला तोही पट्टे चढवलेल्या फर्ग्युसन ट्रॅक्टरांवरूनच.

१९५३ मध्ये हॅरीनं आपला धंदा कॅनडाच्या मॅसी-हॅरिसमध्ये विलीन केला. दहा लाख डॉलर्सवरून घासाघीस अडली, तेव्हा नाणं उडवून निकाल लावला. हॅरी हरला. वर्षभरात खटके उडून तो बाहेर पडला आणि मोटारींच्या चारचाकी चालनेच्या मागे लागला. त्या पद्धतीची शर्यतीची गाडी १९६१ मध्ये स्टर्लिंग मॉसनं जिंकून दाखवली. ते पाहायला हॅरी नव्हता. २५ ऑक्टोबर १९६० ला स्टो-ऑन-द-वोल्डजवळच्या घरी, झोपेच्या औषधांचा जास्त डोस होऊन तो गेला. चूक होती की इच्छा, चौकशीत ठरलं नाही. अधूनमधून निराशा त्याला ग्रासत असे.

त्याच १९६० मध्ये मद्रासला टॅफे कंपनी स्थापन झाली आणि मॅसी फर्ग्युसन आपल्या शिवारात पोचला. हॅरीच्या नावाचा अर्धा भाग असा लाल रंगात वाळव्यापर्यंत गेला. बॅनर लेनचा कारखाना आता नाही, तिथे घरं झाली आहेत. पण आज महिंद्रा घ्या, जॉन डिअर घ्या, कुबोटा घ्या, जवळजवळ प्रत्येकाच्या मागे त्याच तीन दांड्या असतात. ज्या मोठ्या नावांना सोडून मी हे जुनं धूड घेतलं, त्यांच्याही पाठीमागे हॅरीच उभा आहे! ट्रॅक्टर आपला नसला तरी चालेल, नांगरणी आपल्या पद्धतीनं झाली पाहिजे, असा त्याचा हट्ट असता तर तो सुखानं मेला असता. त्याला दोन्ही हवं होतं. कोणाला नको असतं?

यंदा खंडेनवमीला आम्ही राखाडी म्हाताऱ्याला धुतलं, लिफ्टच्या दांडीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. बाबा फोनवरून सूचना देत होते. सकाळी थंडी होती, तरी तो दुसऱ्याच प्रयत्नात सुरू झाला. बायको हसली.