रोआल्ड आमुंडसेन

वैशाखात अकोटच्या उन्हाने ज्यांची पावले पोळतात, त्या आमच्या विद्यार्थ्यांस समुद्र गोठून त्यावर विमान उतरते ही गोष्ट नवलाची वाटेल. परंतु उतरण्यापेक्षा पुन्हा उडणे किती कठीण, हे ज्या पुरुषाने अनुभवले त्याचे चरित्र येथे थोडक्यात देत आहो.

रोआल्ड आमुंडसेन याचा जन्म १६ जुलै १८७२ रोजी नॉर्वे देशात जहाजमालकांच्या घराण्यात झाला. मुलाने डॉक्टर व्हावे अशी आईची इच्छा होती. ती हयात असेपर्यंत त्याने वैद्यकाचा अभ्यास केला. तिच्या निधनानंतर मात्र समुद्राची वाट धरली. १९०३ ते १९०६ या काळात ‘यॉआ’ नावाच्या लहानशा गलबतातून त्याने अमेरिकेच्या उत्तरेकडील वायव्य मार्ग पार केला. तेथील इन्युइट लोकांपासून कातड्याचा पोशाख व कुत्र्यांच्या गाड्या यांचा उपयोग तो नम्रपणे शिकला. त्याच विद्येच्या बळावर १४ डिसेंबर १९११ रोजी तो दक्षिण ध्रुवावर सर्वांआधी पोहोचला. पुढे १९१४ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, त्याने विमान चालविण्याचा परवाना मिळविला.

२१ मे १९२५ रोजी स्पिट्सबर्गेन बेटावरून दोन विमाने उत्तर ध्रुवाकडे निघाली. त्यांस चाके नव्हती. पोट नावेसारखे धातूचे असल्याने ती पाण्यावर तरंगत व बर्फावरून घसरत. दुसऱ्या दिवशी ध्रुवापासून सुमारे २५० किलोमीटरवर ती खाली उतरली. एक विमान निकामी झाले. दोन्ही तुकड्या एकमेकींपासून दूर पडल्या होत्या. एकत्र येताना दोघे जण बर्फ फुटून पाण्यात पडले, त्यांस एल्सवर्थ या सोबत्याने ओढून काढले. आता सहा माणसे आणि एकच विमान उरले.

विमानास उडण्यापूर्वी वेग हवा व वेगासाठी लांब, सपाट वाट हवी. तेथे तर चोहोकडे बर्फाचे उंचवटे आणि भेगा! विमान पाण्यात ठेवावे तर दोन्हीकडचे बर्फ सरकत येऊन त्यास चिरडू पाही. म्हणून ते वर ओढून घ्यावे लागे. पातळ बर्फावर धावविले तर बर्फ फुटे. ओले हिम असले तर ते पोटास चिकटून वेग खाई. फावडी लाकडाची, कुऱ्हाड लहानशी. म्हणून काठ्यांस सुऱ्या बांधून त्यांनी बर्फ तासले. अन्न मोजून मिळे. एकामागून एक प्रयत्न फसले.

शेवटी एक विस्तीर्ण हिमखंड सापडला, परंतु त्यावर भुसभुशीत हिमाचा जाड थर होता. तो उपसून टाकणे सहा थकलेल्या माणसांच्या आवाक्याबाहेरचे होते. तेव्हा त्यांनी हिम उपसण्याऐवजी पायांनी तुडविण्यास आरंभ केला. आपल्याकडे मळणीपूर्वी खळे तुडवून घट्ट करतात, तसाच हा प्रकार! तुडविलेले हिम थंडीने गोठून टणक होई. अशा रीतीने सुमारे ५०० मीटर लांबीची वाट तयार झाली. नंतर भार हलका करण्यासाठी होते नव्हते ते सामान मागे टाकून, १५ जून रोजी सहाही जण त्या एका विमानात बसले. रीझर-लार्सन याने ते चालविले. हेलकावे खात विमान वाटेच्या शेवटाजवळ वर उठले व सर्व जण सुखरूप परतले.

पुढल्याच वर्षी, १२ मे १९२६ रोजी, ‘नॉर्गे’ या हवाई जहाजातून आमुंडसेन उत्तर ध्रुवावरून गेला. त्या जहाजाचा इटालियन चालक नोबिले याच्याशी मागाहून त्याचे तीव्र वैमनस्य आले. १९२८ साली नोबिलेचे दुसरे जहाज बर्फावर कोसळल्याची वार्ता येताच आमुंडसेन वैर विसरून त्याच्या शोधास निघाला. १८ जून रोजी ट्रॉम्सो बंदरातून उडालेले त्याचे विमान परत आले नाही. काही आठवड्यांनी त्याचा एक तरंगता भाग समुद्रावर सापडला, माणसे मात्र कोणासच सापडली नाहीत. नोबिले वाचला.

ध्रुव जिंकणारा म्हणून जग आमुंडसेनास ओळखते. तथापि ज्या वर्षी ध्रुव हाती आला नाही, त्या वर्षी सोबत्यांसह पावलापावलाने हिम तुडवून त्याने पाच जीव घरी आणले. आणि ज्याच्याशी वैर होते त्याच्यासाठी स्वतःचा जीव दिला. हे दोन प्रसंग आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावेत.