मधाचा थेंब आणि दीपगृह

मी दर्यावर जाणाऱ्या घरातला. लहानपणी बाबांची होडी मिरकरवाड्याला लागायला रात्र व्हायची, तेव्हा आजी दारात बसून रत्नदुर्गावरच्या दीपगृहाकडे बघत राहायची. १८६७ सालापासून तिथे दिवा आहे. पण तो एवढ्या लांब दिसतो कसा, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. पडला तो फिजिक्समध्ये नापास झाल्यावर! ज्या प्रश्नावर गटांगळ्या खाल्ल्या, त्यात एक नाव होतं, फ्रेनेल. रागारागाने त्याचं चरित्र वाचायला घेतलं आणि राग कुठल्या कुठे गेला.

ऑगस्टिन फ्रेनेल जन्मला १७८८ मध्ये, फ्रान्समधल्या नॉर्मंडीत. प्रकृती तोळामासा. आठव्या वर्षीही धड वाचता येत नव्हतं. पुढे झाला सिव्हिल इंजिनिअर आणि नशिबी आले खेड्यापाड्यांतले रस्ते. त्या कामाचा त्याला भयंकर कंटाळा. १८१५ मध्ये नेपोलियन परत आला, तेव्हा त्याच्या विरोधकांना मिळाल्यामुळे फ्रेनेलची नोकरी गेली. मग आईच्या गावी बसून त्याने प्रकाशावर प्रयोग सुरू केले. हवं तसं भिंग नव्हतं, तर मधाचा थेंब वापरला! उपकरणं करून दिली गावच्या लोहाराने.

प्रकाश लाटांसारखा पसरतो, असं त्याचं म्हणणं. पॅरिसच्या अकादमीतले पॉयसाँ विरोधात. त्यांनी गणित मांडलं, की हे खरं असेल तर गोल चकतीच्या सावलीत मधोमध उजेडाचा ठिपका दिसेल. म्हणजे सगळंच खोटं. आरागोने प्रयोग केला आणि ठिपका दिसला! १८१९ चं बक्षीस फ्रेनेललाच मिळालं.

त्याच साली तो दीपगृहांच्या कामाला लागला. मोठं भिंग जड, शिवाय उजेड खाणारं. त्याने भिंगाचा नुसता वक्रपणा ठेवला, मधली फालतू काच काढून टाकली आणि काचेच्या कड्या रचून उजेड एका दिशेला वळवला. जुलै १८२३ मध्ये कॉर्दुआंच्या दीपगृहात असं भिंग लागलं. नंतर जगभर हीच रीत पसरली. ते बघायला तो राहिला नाही. १४ जुलै १८२७ ला क्षयाने गेला, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी.

परवा भगवती किल्ल्यावर जाऊन दिवा लागेपर्यंत थांबलो. आजी आता नाही. तिला फ्रेनेल माहीत नव्हता, पण तिच्या जिवाला धीर द्यायला तोही होताच की! माझा विषय अजून निघायचाय. या खेपेला मात्र पाठ करून नाही, समजून लिहीन.