‘किती एक्स’च्या पलीकडे पाहणारा आबे

दुर्बीण घ्यायची म्हटली की ग्रुपमधला पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती एक्स? आठ सांगितलं की तोंडं वाकडी होतात, वीस सांगितलं की सगळे खूश. पण नुसतं मोठं करून काही होत नाही, हे एका जर्मन प्राध्यापकाने दीडशे वर्षांपूर्वी स्वतःची चूक करून शिकून घेतलं होतं. त्यांचं नाव अर्न्स्ट आबे. आज आपण जी दुर्बीण गळ्यात अडकवतो, ती बाजारात आणण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

आबेंचा जन्म २३ जानेवारी १८४०चा, जर्मनीतल्या आयझेनाख गावातला. वडील सूतगिरणीत कामाला. दिवसाचे चौदा ते सोळा तास उभ्याने काम आणि जेवायला वेगळी सुट्टी नाही. लहानगा अर्न्स्ट डबा घेऊन गिरणीत जायचा. वडील मशीनला टेकून, उभ्या उभ्याच घास गिळायचे आणि रिकामं भांडं पोराच्या हातात देऊन पुन्हा कामाला लागायचे. हे दृश्य तो कधीच विसरला नाही.

पोरगा हुशार होता. गिरणीमालकाने शिक्षणाला मदत केली. येना आणि ग्योटिंगेन इथे शिकून १८६१ मध्ये आबेंनी डॉक्टरेट मिळवली आणि १८६३ मध्ये येना विद्यापीठात शिकवायला लागले. त्याच गावात कार्ल झाइस नावाचे कारागीर मायक्रोस्कोप बनवायचे. तेव्हा भिंगं अंदाजपंचे घासायची, जुळवून बघायची, जमलं तर जमलं असा मामला होता. झाइसना हे गणिताने करायचं होतं. १८६६ मध्ये त्यांनी आबेंना सोबत घेतलं.

सुरुवातच फसली. प्रतिमा स्वच्छ यावी म्हणून आबेंनी प्रकाश आत येण्याची वाट अरुंद ठेवली. हिशेब बरोबर होता, पण बारकावे गायब! जुन्या अंदाजपंचे भिंगांतूनही जास्त दिसत होतं. या फजितीतूनच त्यांना कळलं की तपशील पकडायचा तर भिंगाने प्रकाश रुंद कोनातून गोळा करायला हवा. तो गोळाच झाला नसेल, तर नंतर कितीही पट मोठं करा, धूसर ते धूसरच. १८७३ मध्ये त्यांनी हा सिद्धांत प्रसिद्ध केला.

त्याच वर्षी व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांनी एक वेगळी दुर्बीणही ठेवली होती. तेव्हा शिकारी आणि सैनिकांपुढे दोनच पर्याय असायचे. एक गॅलिलिओच्या पद्धतीचा: चित्र सरळ, पण जेमतेम तीन-चार पट मोठं आणि दिसणारा भाग चिमूटभर. दुसरा केप्लरच्या पद्धतीचा: ताकद जास्त, पण चित्र उलटं. ते सुलटं करायला आणखी भिंगं लावली की नळी हातभर लांब. आबेंनी प्रकाशाला काचेच्या त्रिकोणी प्रिझममधून वळणं दिली. चित्र सुलटं झालं, नळीही आखूड झाली.

पण तेव्हाची काच तेवढी चांगली नव्हती. प्रिझममध्ये बराच प्रकाश वाया जायचा. आबे थांबले. १८८४ मध्ये ओटो शॉट यांच्यासोबत येनात काचेचा कारखाना उभा राहिला आणि मग जुनी कल्पना पुन्हा टेबलावर आली. १८९३ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, तर कळलं की प्रिझमची हीच युक्ती इटलीच्या इग्नाझियो पोरो यांनी १८५४ मध्येच पेटंट केली आहे! पुढची भिंगं डोळ्यांपेक्षा लांब-लांब ठेवून खोली जास्त जाणवते, एवढ्याच भागाचं पेटंट मिळालं. १८९४ पासून झाइसच्या दुर्बिणी विकल्या जाऊ लागल्या. ती प्रिझमची रचना मात्र आजही पोरोंच्याच नावाने ओळखली जाते.

आता ‘किती एक्स’कडे येऊ. दुर्बिणीवर ८×४२ लिहिलेलं असतं. आठ म्हणजे किती पट जवळ, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४२ला आठने भागा, सव्वापाच येतात. डोळ्याशी येणारा प्रकाशाचा गोल तेवढ्या मिलिमीटरचा. दिवसा आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटर उघडते, अंधारात तरुण डोळ्याची सातपर्यंत. हरणं उघड्यावर येतात पहाटे आणि तिन्हीसांजेला. म्हणूनच मचाणावर बसणारा जर्मन शिकारी ८×५६ला पसंती देतो, कारण गोल बरोबर सातचा. १०×२५ खिशात मावते, पण गोल अडीचचा. झुंजूमुंजूला ती काय दाखवणार?

दहा पटींच्या वर गेलं की हाताची थरथरही तेवढ्याच पटीने दिसते. त्यापुढे स्पॉटिंग स्कोप, तोही ट्रायपॉडवर. शिकारी दुर्बिणीने शोधतो, आणि शिंगं कशी, वय किती हे लांबून नक्की करायला स्कोप लावतो. ८० मिलिमीटरचा स्कोप २० पटींवर चार मिलिमीटरचा गोल देतो, ६०वर जेमतेम १.३. त्यातून ऊन तापलं की हवाही थरथरते. आपल्याकडे १९७२च्या कायद्यानंतर शिकार जवळपास संपली, पण सफारी असो की पक्षिनिरीक्षण, हिशेब तोच.

झाइस १८८८ मध्ये गेले. तोवर भागीदार झालेले आबे आरामात गर्भश्रीमंत होऊ शकले असते. त्यांनी १८८९ मध्ये प्रतिष्ठान स्थापन केलं, नाव दिलं कार्ल झाइसचं, आणि १८९१ मध्ये कंपनीतला आपला हिस्सा त्याला देऊन टाकला. कामगारांना पगारी रजा, पेन्शन, नफ्यात वाटा मिळाला. वरिष्ठांच्या पगारालाही मर्यादा घातली, सरासरी कामगाराच्या दहा पट. १९०० मध्ये नऊ तासांचा दिवस आठ तासांचा केला. आबेंनी मोजमाप करून पाहिलं, तर उत्पादन घटलं नव्हतं, उलट थोडं वाढलं होतं.

१४ जानेवारी १९०५ रोजी येनातच ते गेले. त्यांच्या कारखान्यातल्या कुणाच्या पोराला बापाने उभ्या उभ्या रिकामा केलेला डबा परत न्यायची वेळ येऊ नये, एवढी सोय ते करून गेले होते.